काठावरचे उणे चिन्ह

आकडा उणे आला तेव्हा मला वाटले, चूक माझीच आहे. चिन्हाची चूक फार सहज होते आणि फार चांगली लपते. वजाबाकीत कोणती राशी आधी लिहिली, अक्षाची कोणती बाजू धन धरली, कोणाचे बल कोणावर लावले, यांपैकी एका ठिकाणी हात घसरला की उत्तर तोंड फिरवून उभे राहते. म्हणून तीन दिवस मी ती चूक शोधत बसले. संगणकाच्या पडद्यावर एक लांबट आयताकृती चौकट होती आणि तिच्यात चाळीस हजार चकत्या होत्या. त्यांतल्या बहुतेक चौकटीच्या मधोमध एका उभ्या दाट पट्ट्यात गोळा झाल्या होत्या, आणि दोन्ही अंगांच्या विरळ भागात उरलेल्या इकडून तिकडे धावत होत्या. त्या पट्ट्याच्या काठाचा पृष्ठताण मला मोजायचा होता. चौथ्या दिवशी मी तोच प्रोग्राम साध्या, एकमेकांना ओढणाऱ्या कणांवर चालवला, ज्यांचे उत्तर कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. ते अधिक आले आणि अपेक्षित किमतीशी जुळले. पुन्हा माझ्या चकत्यांकडे वळले, पुन्हा उणे. शून्याच्या आसपास लटपटणारे, आकडेमोडीच्या धुरळ्यातून आलेले उणे ते नव्हते. चांगले मोठे, ठाम, दर वेळी जवळजवळ तेवढेच येणारे होते.

पट्टा मात्र जागच्या जागी उभा होता.

एका चिन्हाने इतके अस्वस्थ का व्हावे, हे सांगायचे तर पृष्ठताणाशी असलेल्या जुन्या ओळखीकडे जावे लागते. बहुतेकांची होते तशी माझीही ती ओळख सुईपासून झाली. भांडेभर पाणी, पाण्यावर टिपकागदाचा तुकडा, तुकड्यावर सुई; कागद भिजून खाली बसतो आणि सुई वर राहते. वाकून डोळे पाण्याच्या पातळीला आणले की सुईखाली पडलेली लांबट खळी दिसते, आणि त्या खळीच्या दोन्ही कडांवर उजेड वाकडा होऊन चमकतो. पाण्याला कातडे असते असे तेव्हा कोणीतरी सांगितले होते. कातडे वगैरे काही नसते हे पुढे कळले. आतल्या रेणूला सगळीकडून शेजारी असतात, पृष्ठभागावरच्या रेणूला एका बाजूने ते कमी पडतात, या उणिवेची किंमत ऊर्जेत मोजावी लागते, आणि ती कमीत कमी मोजावी लागावी म्हणून पाणी आपला पृष्ठभाग आवरून धरते. थेंब गोल होतो तो त्यामुळेच. २५ अंश सेल्सियसला पाण्यासाठी ही किंमत सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर भरते. आकडा विसरला तरी चालतो, चिन्ह विसरून चालत नाही. ताण उणे असता तर पृष्ठभागाला पसरण्यातच फायदा झाला असता. त्याला सुरकुत्या पडल्या असत्या, सुरकुत्यांच्या घड्या झाल्या असत्या, आणि दोन्ही बाजू एकमेकींत शिरत शिरत शेवटी काठ नावाची गोष्टच उरली नसती. माझ्या पडद्यावर काठ होता. थोडा थरथरणारा, कुठे पुढे आलेला, कुठे आत गेलेला, पण तासन्‌तास टिकलेला काठ होता.

चकत्यांचे नियम अगदी थोडे आहेत. प्रत्येक चकतीला स्वतःची एक दिशा असते आणि त्या दिशेने ती सतत, सारख्याच जोराने स्वतःला ढकलत राहते. ही दिशा हळूहळू भरकटते. कोणी वळवते म्हणून नव्हे, तर आपोआप, यादृच्छिकपणे. दोन चकत्या एकमेकींना भिडल्या की दूर लोटतात. बस्स. ओढ कुठेच नाही. १९९५ पासून प्रसिद्ध असलेल्या थव्याच्या प्रतिरूपात निदान प्रत्येक कण शेजाऱ्यांची दिशा पाहून आपली दिशा ठरवतो. इथे शेजाऱ्याची तेवढीही दखल कोणी घेत नाही. अशा कणांना स्वयंप्रेरित कण म्हणतात, आणि त्यांच्या समूहाला सक्रिय द्रव्य. एकमेकींशी काहीही देणेघेणे नसलेल्या या चकत्या काही वेळाने आपसूक दोन प्रावस्थांत विभागल्या जातात, एक दाट आणि एक विरळ, आणि मध्ये एक काठ उभा राहतो.

आकड्याने दमल्यावर मी आकडा बाजूला ठेवला आणि एक चकती लाल रंगवली. विरळ भागातून ती जवळजवळ सरळ आली, वाटेत एकदा दुसरीला घासून किंचित कलली, आणि पट्ट्याच्या काठावर येऊन आदळली. तिथे ती थांबली असे मी आधी लिहिले होते, पण ते खरे नाही. ती ढकलतच होती. फक्त समोर जागा नव्हती. दोन चकत्यांच्या मधल्या खाचेत ती अर्धवट रुतून बसली. तिच्या पाठीमागून दुसरी आली, मग तिरकी तिसरी, आणि लाल चकती दुसऱ्या थरात गेली. जागची न हलता. काठच तिच्यावरून पुढे सरकला होता. मी तिची दिशा दाखवणारा छोटा बाण पाहत राहिले. तो आधी सरळ आतल्या बाजूला रोखलेला होता, मग कलंडत कलंडत काठाला समांतर झाला, आणि एकाएकी ती अर्ध्या व्यासाएवढी बाजूला घसरली. बाण आणखी फिरला, बाहेरच्या बाजूला झुकला. पण आता तिच्यापुढे ती तिसरी होती, अजून आतल्या बाजूलाच ढकलणारी. लाल चकतीला स्वतःची दिशा मोकळी होण्याची वाट पाहावी लागली होती, आता दुसरीची पाहावी लागत होती. शेवटी ती तिसरी निघाली, आणि तिच्या मागोमाग लाल, आणि लालच्या मागोमाग खालच्या थरातली आणखी एक, जिचा बाण बहुधा केव्हाच बाहेर वळून तयार होता.

या टिकून राहण्यामागची गोष्ट सांगायला सोपी आणि पचायला अवघड आहे. गर्दीत वेग मंदावतो, हे सगळ्यांना माहीत आहे. जिथे वेग मंदावतो तिथे गर्दी होते, हेही ऐकताना उघड वाटते, पण निर्जीव कणांच्या बाबतीत ते खरे नाही. पाण्यात थरथरणारे कण, ज्यांची थरथर रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिली, ते समतोलात असताना द्रवाच्या दाट-चिकट भागात मंद हलतात, पण म्हणून तिथे जास्त साठत नाहीत. मंदपणे येतात, मंदपणेच जातात, हिशेब बरोबर राहतो. स्वतःच्या बळावर पोहणाऱ्याचा हा हिशेब बिघडतो. मार्क श्नित्झर यांनी १९९३ मध्ये पोहणाऱ्या जिवाणूंच्या गणितात हे दाखवले: त्यांची घनता वेगाच्या व्यस्त प्रमाणात जमते. मग गर्दीमुळे वेग कमी आणि कमी वेगामुळे गर्दी, असे चक्र एकदा सुरू झाले की ते थांबवणार कोण? जुलियाँ तायर आणि मायकेल केट्स यांनी २००८ मध्ये या चक्राला अट बांधून दिली. घनता जितक्या टक्क्यांनी वाढते त्याहून जास्त टक्क्यांनी वेग घटत असेल, तर एकसारखे पसरलेले मिश्रण टिकत नाही, त्याचे दाट आणि विरळ असे दोन भाग होतात. त्यांच्या मनासमोर जिवाणू होते. ई. कोलाय साधारण एक सेकंद सरळ धावतो, सेकंदाचा दहावा भाग गोते खातो आणि नव्या दिशेला लागतो, हे हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये एकेका जिवाणूचा माग काढून टिपले होते. माझ्या चकत्यांसारख्याच चकत्या, नुसत्या लोटणाऱ्या आणि दिशा हळू बदलणाऱ्या, याऊएन फिली आणि क्रिस्तिना मार्केट्टी यांनी २०१२ मध्ये संगणकावर चालवल्या आणि तेच विलगन त्यांना दिसले.

याचे नवल किती करावे हे ज्याच्या त्याच्या पूर्वसंस्कारांवर आहे. माझे संस्कार व्हॅन डर वाल्स यांचे. १८७३ च्या त्यांच्या प्रबंधापासून वायूचा द्रव होण्यासाठी रेणूंमध्ये ओढ हवी हे आमच्या हाडीमासी खिळलेले आहे. ओढ नसलेल्या कठीण गोळ्यांचा स्फटिक होऊ शकतो, हे १९५७ मध्ये संगणकावर दिसले तेव्हा पुष्कळांना ते पटले नव्हते. पण त्या गोळ्यांनाही वायू आणि द्रव असे दोन स्वतंत्र मुक्काम नसतात. आणि इथे ओढीचा लवलेश नसताना, बाहेरून पाहणाऱ्याला द्रवाचा थेंब वाटावा असे काहीतरी उभे राहते. त्याला थेंब म्हणण्याचा मोह मलाही आवरला नाही. पृष्ठताण मोजायला मी गेले ती त्या मोहापोटीच.

काठाचा जो हिशेब मला सर्वांत आवडतो, त्यात ऊर्जेचे नावही येत नाही. गॅब्रिएल रेडनर, मायकेल हेगन आणि अपर्णा बास्करन यांनी तो २०१३ मध्ये मांडला. काठावर येऊन थडकणाऱ्यांचा दर विरळ भागात किती चकत्या आहेत आणि त्या किती वेगाने धावतात यावर ठरतो. निसटणाऱ्यांचा दर मात्र वेगावर ठरतच नाही. काठावरच्या चकतीची दिशा किती लवकर बाहेर वळते, एवढ्यावरच तो ठरतो. दोन्ही दर सारखे झाले की काठ स्थिर. एक बारकावा त्यांनी सोडला नाही: एक चकती सुटली की तिने अडवलेल्याही सुटतात, म्हणून प्रत्येक सुटकेमागे सरासरी साडेचारच्या आसपास चकत्या मोजाव्या लागतात. माझी लाल चकती अशाच एका सुटकेत निघाली असणार. चकत्यांच्या दिशा अधिक काळ टिकू दिल्या तर विरळ भाग आणखी विरळ व्हावा, असे हा हिशेब सांगतो, आणि मी ते करून पाहिले तेव्हा पट्ट्याबाहेरची पोकळी खरोखरच रिकामी होत गेली.

आता ताणाकडे. तो मोजण्याची जी रीत मी वापरली ती कर्कवुड आणि बफ यांची, १९४९ ची. दाट भागाच्या आतून निघून काठ ओलांडत विरळ भागात जायचे. वाटेत प्रत्येक ठिकाणी काठाला लंब दिशेचा दाब घ्यायचा, त्यातून काठाला समांतर दिशेचा दाब वजा करायचा, आणि बेरीज करत जायचे. साध्या द्रवाच्या काठावर समांतर दिशेचा दाब कमी पडतो, जणू तिथे कोणी आवळून धरले आहे. म्हणून उत्तर अधिक येते. माझ्या पट्ट्याच्या काठावर तो लंब दिशेच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त भरत होता. अर्थात दाबात चकत्यांची स्वतःची ढकल धरली होती म्हणून. पुढे वाचायला बसल्यावर कळले की ज्युलियन बियाल्के, थॉमस स्पेक, हार्टमुट लोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१५ मध्ये हेच उणे मोजून प्रसिद्ध केले होते. वाचून सुटल्यासारखे वाटले, आणि थोडा हिरमोडही झाला. आधी वाचले असते तर तीन दिवस वाचले असते. पण मग तो आकडा माझ्या अंगावर आला नसता, नुसता माहितीत जमा झाला असता.

त्या कामातली एक गोष्ट मात्र मी आधीच डोळ्यांनी पाहिली होती आणि तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. चौकट लांबट ठेवली की पट्टा नेहमी चौकटीच्या तोकड्या बाजूला समांतर उभा राहतो. म्हणजे काठाची लांबी कमीत कमी राहते. पसरण्यात ज्याचा फायदा आहे असे आकडा सांगतो, तोच काठ दर वेळी आखूड वाट निवडतो! तिथे दिलेले स्पष्टीकरण असे, की ताण उणे असला तरी काठाचा ताठपणा अधिक आहे. काठ वाकला तर पुन्हा सरळ होण्याकडे त्याचा कल असतो, आणि त्यासाठी लागणारे काम चकत्यांच्या अखंड ढकलण्यातून पुरवले जाते. साध्या द्रवात ताण आणि ताठपणा एकाच गोष्टीची दोन नावे असतात, म्हणून ती वेगळी करण्याची वेळ कधी आली नव्हती. पडद्यावर पाहताना मला दिसले ते एवढेच, की काठावर फुगवटा आला तर त्याच्या टोकावरची चकती थोडी वळताच निसटते, आणि खळग्यात शिरलेली मात्र कुठेही वळली तरी कोणाच्या तरी अंगावर जाते. टोके झिजतात, खळगे भरतात.

यानंतर वाद झाला, आणि तो वाचताना माझा थोडा तोल गेला हे कबूल करते. २०१९ मध्ये सोफी हर्मान, दानिएल दे लास हेरास आणि मथियास श्मिट यांनी मांडले की नीट व्याख्या केली तर हा ताण उणे नसतोच. २०२० मध्ये अहमद ओमार, झेन-गांग वांग आणि जॉन ब्रॅडी यांनी दाखवले की चकत्यांची स्वतःची ढकल दाबात न धरता, गुरुत्वासारखे बाहेरून लागलेले बल म्हणून मोजली, तर ताण जवळपास शून्यावर येतो. पट्टा तोच, चकत्या त्याच. प्रश्न एवढाच की ढकल जमाखर्चाच्या कोणत्या खात्यात मांडायची. मला आधी राग आला तो याच गोष्टीचा; खतावणी बदलून चिन्ह बदलत असेल तर मी मोजले तरी काय? पाण्याच्या बाबतीत असा घोळ होत नाही, कारण तिथे ताण यंत्रशास्त्राने काढा किंवा ऊर्जेने काढा, उत्तर एकच येते. दोन वाटा एकाच दारात उघडतात. त्या एकाच दारात उघडतात हे समतोलाचे देणे आहे, ताणाचा अंगभूत गुण नव्हे, हे मला इतक्या उशिरा कळावे याची लाज वाटली. दाबाचेही तसेच. ज्या स्वयंप्रेरित कणांना भिंत स्पर्शाने वळवू शकते, त्यांचा दाब भिंत मऊ आहे की कडक यावरही अवलंबून राहतो, हे २०१५ मध्येच दाखवले गेले आहे. सुई तरंगवणाऱ्या पाण्यावरून उचललेले शब्द आपण या चकत्यांना चढवले, आणि ते कुठे सैल, कुठे तंग बसले.

दाट पट्ट्याच्या आतही सगळे शांत नसते. बारकाईने पाहिले तर चकत्या षट्‌कोनी मांडणीत घट्ट बसलेल्या दिसतात, मधूनच मांडणीची दिशा बदलते तिथे एक भेग दिसते, आणि एखाद्या भेगेत बुडबुडा उघडतो. रिकामा, डोळ्याएवढा, मग मोठा होणारा. साध्या द्रवात मोठे बुडबुडे लहानांना गिळून वाढतात. काही सक्रिय द्रव्यांत हा क्रम उलटा होऊ शकतो, मोठा आटतो आणि लहान वाढतो, हे केट्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सिद्धांतातून मांडले. माझ्या पट्ट्यात एक बुडबुडा बराच वेळ भटकत काठाशी आला, काठाचा पापुद्रा दोन चकत्यांचा उरला, एकीचा झाला, आणि फुटून विरळ भागाला मिळाला. काठावर तिथे खोल खळगा पडला. तो भरायला लागलेला वेळ मी घड्याळ लावून मोजला नाही, नुसता पाहिला.

हे सगळे संगणकातच घडते असे नाही. २०१३ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात निळ्या प्रकाशाने चालणारे सूक्ष्म कण गोळा होऊन त्यांचे फिरते स्फटिक झालेले दिसले. प्रकाश बंद केला की ते विरघळून जात. त्यांच्यात थोडी रासायनिक ओढही असते, म्हणून माझ्या चकत्यांशी त्यांची तुलना सैल हातानेच करायला हवी. मातीतला मिक्सोकोकस झँथस हा जिवाणू उपासमार झाली की एकत्र येऊन ढीग रचतो, आणि त्या ढिगांची सुरुवात अशाच विलगनातून होते असे २०१९ मध्ये दाखवले गेले. प्रकाश बंद करण्याचा प्रयोग मलाही करावासा वाटला. मी उष्णतेची नेहमीची थरथर तशीच ठेवली आणि ढकल शून्य केली. पट्टा आधी किंचित फुगला, कारण इतका वेळ दाबून धरलेल्या चकत्यांना एकदम सैल सोडले होते. मग काठ धूसर झाला. मग कुठून कुठपर्यंत काठ म्हणायचे ते ठरवता येईना. लाल चकती तेव्हा पट्ट्याच्या आतल्या थरात होती. ती तिथेच थरथरत राहिली, आणि भोवतालचे दाट हळूहळू विरळ झाले.

ढकल पुन्हा सुरू केली. काही वेळात पट्टा परत उभा राहिला, पूर्वीच्या जागेपासून थोडा डावीकडे, पण तोकड्या बाजूलाच समांतर. प्रोग्रामने पुन्हा आकडा काढला, पुन्हा उणे, आणि या वेळी मी तो वहीत उतरवून घेतला; शेजारी ढकल कोणत्या खात्यात धरली तेही लिहिले. लाल चकती एव्हाना उजव्या काठावर आली होती. तिचा बाण बाहेर वळला, समोरची वाट मोकळी होती, ती निघाली आणि सरळ चौकटीच्या उजव्या कडेपर्यंत गेली. माझ्या चौकटीला भिंती नाहीत. उजवीकडून जाणारा डावीकडून आत येतो. ती डावीकडून आत आली, रिकामी पोकळी ओलांडली, आणि त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या काठावर जाऊन आदळली.